पास न देणारी पोर

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

शाल मिळाली. खेळली नात आणि पांघरली मला — थंडी मलाच वाजते असं त्यांना वाटलं असणार. शाल कसली, तिच्यातून पलीकडचा माणूस दिसतो! नारळ घरी आणून फोडला तर नासका. सुनेनं, रोहिणीनं, नाकाला पदर लावून तो उकिरड्यावर टाकला.

सत्कार इंदापुरात होता. बोर्ड केवढा! त्यावर आमच्या पुढाऱ्यांचं, दादासाहेबांचं, तोंड गाडीच्या चाकाएवढं. त्यांच्या भावाचं परातीएवढं, पोराचं ताटाएवढं. आणि खाली कोपऱ्यात आमची प्रतीक्षा — लिंबाएवढी. सत्कार नेमका कुणाचा हे सांगायला कुणीतरी ठेवावा लागला असता.

दादासाहेब बोलायला उभे राहिले. म्हणाले, आपल्या तालुक्याच्या कन्येनं कबड्डीत महाराष्ट्राचं नाव काढलं. मागून एकानं कानात काहीतरी सांगितलं. तर म्हणाले, कबड्डी काय आन फुटबॉल काय, शेवटी पायाचाच खेळ. टाळ्या!

प्रती हसत बसली होती. मला हसू आलं नाही. गोल करत होती तेव्हा आमच्या गावाच्या, निरवांगीच्या वाटेला एक गाडी फिरकली नाही. गुडघा मोडून घरी बसली तेव्हा सत्कार. मेंढी मेल्यावर तिची लोकर चांगली होती म्हणायचं, त्यातला प्रकार.

७ ऑक्टोबर

हा फोन प्रतीचा जुना. काच तडकलेली. म्हणाली, "आज्जे, हितं बोट ठीव आन बोल. ते आपोआप लिवतंय. तारीख बी तेच टाकतंय." मला अक्षर येत नाही, म्हणून मी रोजनिशी लिहावी! पोरीचं डोकं असंच उलटं चालतं. स्वतःला काम नाही म्हणून मला लावलं.

परवाचं तिनं वाचून दाखवलं. मी न्हाय म्हणते, तर फोन कधी न्हाय लिहितो, कधी नाही. म्हणाली, तो अजून शिकतोय. शिकू दे. मी न शिकता सगळा जन्म काढला, त्याला कसली घाई!

मग तिला बजावलं — इथून पुढं वाचायचं नाही. माझ्या मनात काय आहे ते बघायला माझा नवरा धजला नाही, तू कोण?

१२ ऑक्टोबर

हा फुटबॉल काय प्रकार आहे ते एकदा सांगून ठेवते.

वारा भरलेली एक पिशवी. तिच्यामागं वीस-बावीस जणी धावतात. हातात धरली की गुन्हा. दोन जणींनाच हात वापरायची मुभा, आणि त्या दोघी बहुतेक वेळ नुसत्या उभ्या. खेळ संपला की पिशवी जिथल्या तिथं. ना दूध, ना लोकर, ना शेणखत.

प्रतीचा नंबर नऊ. नऊ नंबरनं सगळ्यांच्या पुढं राहायचं आणि चेंडू जाळीत घालायचा. त्याला फॉरवर्ड म्हणतात. पण फार पुढं गेली की शिट्टी वाजते! पुढं जा म्हणून ओरडायचं आणि पुढं गेली की गुन्हा धरायचा. मी म्हणलं, हा खेळ नाही, ही नांदायला आलेली सून आहे.

आणि गोल झाला की सगळ्या धावत येऊन हिच्या अंगावर पडतात. आमच्यात एवढं काम कुणी करून आलं तर तांब्याभर पाणी देतात. तिथं चेंगरतात.

खूळ लागलं ते वालचंदनगरात. माझा पोरगा सिद्धू तिथल्या क्वार्टरांत दूध घालायचा. मेंढरं विकली होती, ऊस लावला होता, दोन म्हशी घेतल्या होत्या. पोरीला गाडीवर पुढं बसवून न्यायचा. तो दूध घालेपर्यंत ही तिथल्या ग्राउंडवर साहेबांच्या पोरांत. एकदा घाईत तिला तिथंच विसरून आला — बाप कसला, दुधाचा कॅन विसरला नाही! परत गेला तर पोरं रडतायत आणि ही चेंडू घेऊन उभी. कुणाला देईना. तिथल्या शाळेचे सर बघत होते. त्यांनी सिद्धूला सांगितलं, हिला माझ्याकडं पाठवा. तेव्हाच सांगायचं होतं त्यांना, सर, तिला खेळ येत नाही, तिला देणं येत नाही.

मग पुण्याचं होस्टेल. मग महाराष्ट्राची टीम. मग पार खाली केरळातला क्लब. तिथल्या बोलीतलं एक अक्षर कळत नाही, तिन्ही त्रिकाळ भात. पण पेपरात फोटो, गळ्यात बिल्ला. दिवाळीला आली की गावातल्या पोरी हिच्याकडं बघायच्या आणि त्यांच्या आया माझ्याकडं. आयांच्या नजरेत काय होतं ते मला चांगलं कळायचं. "अजून ठिवलीय व्हय घरात?"

१३ ऑक्टोबर

गुडघ्याचं काल राहिलं.

फेब्रुवारीतली मॅच. रोहिणीनं फोन ज्वारीच्या डब्याला टेकवून ठेवला होता आणि आम्ही भाकरी थापता थापता बघत होतो. प्रती चेंडू घेऊन निघाली. समोर जाळीवाली एकटी. बाजूला हिचीच एक पोरगी, मोकळी, हात वर करून ओरडतेय. फोनमधूनसुद्धा कळत होतं — पास दे, पास दे. ही द्यायची नाही! गर्रकन वळली आणि बसली. मला वाटलं उठेल. उठली नाही.

पुण्यात ऑपरेशन झालं. बघायला आलेला जो तो म्हणाला, पास दिला असता तर? डॉक्टर म्हणाला. केरळाच्या कोचबाई फोनवर म्हणाल्या. ज्यांना फुटबॉल गोल असतो का चौकोनी ते माहीत नाही तेसुद्धा म्हणाले. मीसुद्धा म्हणलं, खोटं कशाला बोलू. कैरीची फोड कुणाला दिली नाहीस लहानपणी, ती ही.

गप्प बसली. तेव्हापासून स्वतःबद्दल गप्पच आहे.

१९ ऑक्टोबर

सकाळी कॅनॉलच्या कडेनं पळायला जाते. डॉक्टरनं पळायला सांगितलंय. दहा पोरं गाड्यांवरून तिच्याकडं बघत जातात, त्यांना कुणी काही सांगत नाही. मला मात्र बायका सांगतात — नात पळते तुमची. म्हणलं, पळून तर गेली नाही ना? सकाळी पळते, नाश्त्याला परत येते.

पळायच्या आधी गुडघ्याला काळी पट्टी चिकटवते. कापडासारखी असते. घामानं निघत नाही, आंघोळीनं निघत नाही. माझ्या कंबरेला लावून दिली एकदा. काढताना जीव गेला, खालची कातडी घेऊनच निघाली. एवढा चिकटपणा मी फक्त माझ्या नणंदेत बघितलाय.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

नाव काढलं आणि हजर! बनाबाई. माझी नणंद, पिंपळीची. भाऊ वारला तरी भाऊबीज सोडत नाही, आता भाच्याला ओवाळते. ओवाळून झालं, ताटात पडलं ते बघितलं, आणि मग पदरातून स्थळ काढलं.

पोराचं नाव सौरभ. बारामतीत एका कंपनीत सुपरवायझर. घर पिंपळीत, वर स्लॅब, खाली फरशी. बाप नाही, आई कौसल्याबाई. आमच्यातलेच. बनाबाई म्हणाली, "वैनी, पाय लंगडा झालेली पोर कोण करतंय आजकाल? ह्ये लोक मोठ्या मनाचं हायती."

मी म्हणलं, "वन्सं, मन मोठं आसलं म्हंजी आत रिकामी जागा बी मोठी आसती."

सिद्धू माझ्यावर डाफरला. त्याला स्थळ पसंत आहे. पोरीच्या पायाची काळजी खाते त्याला, ती त्याच्या तोंडावर दिसते. प्रती शंकरपाळ्या खात होती. एक डबा एकटीनं.

२ नोव्हेंबर, रविवार

पाहुणे येऊन गेले. लिहून ठेवण्यासारखंच झालं.

पोरगा बरा आहे. मान खाली, बोलतो हळू, चहा बशीत ओततो आणि सांडत नाही. त्याच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. आईबद्दल म्हणायचंय.

कौसल्याबाईंनी शिक्षण विचारलं नाही, स्वयंपाक विचारला नाही. म्हणाल्या, "पोरी, जरा त्या दारापातूर चालून ये बरं." प्रती उठली, चालली, आली. "आता जरा भराभर." पुन्हा गेली, आली. "आता खाली बसून ऊठ." रोहिणीचं तोंड उतरलं. सिद्धू छताकडं बघत होता.

मी आयुष्यभर बाजारात मेंढरं विकली आणि घेतली. गिऱ्हाईक दात बघतं, पाठ दाबतं, पाय उचलून खूर बघतं. पण गिऱ्हाईक आधी भाव तरी विचारतं! या बाईनं तेही केलं नाही.

मग मी त्या पोराला म्हणलं, "पावनं, आता तुमी बी जरा चालून दावा."

त्याला कळेना. आईकडं बघितलं. मी म्हणलं, "लाजू नगासा. दारापातूर जावा आन या. आमाला बी बघाय पायजे की, न्हाय का?" बिचारा खरंच उठून चालला! प्रती शेवटी हसली. गुडघा मोडल्यापासून आवाज काढून हसलेली मी पहिल्यांदा ऐकली.

बनाबाई निघेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. देव पावला म्हणायचं.

३ नोव्हेंबर

पसंती आली! म्हातारी तोंडाळ आहे पण पोर चांगली आहे, असा निरोप. लग्न माघात करू म्हणाले. अट एकच — खेळ बंद. अंगणात खेळली तर हरकत नाही, म्हणे. अंगणात! एवढीशी घरापुढची जागा, तिथं नऊ नंबर खेळणार आणि कौसल्याबाई जाळीत उभ्या राहणार.

९ नोव्हेंबर

सगळं एकाच वेळी यायचं असतं. केरळाहून फोन आला. क्लबनं आठ डिसेंबरला बोलावलंय. पळवून, वळवून, उड्या मारायला लावून गुडघा बघणार. टिकला तर टीममध्ये. नाही टिकला तर घरी, कायमचं. नाही गेली तरी कायमचंच.

तिथंही गुडघाच बघणार म्हणजे! मी म्हणलं, प्रती, तुझ्या गुडघ्याला एवढी स्थळं येतायत, तू मधी कशाला पडतीस?

हसली नाही.

१६ नोव्हेंबर

आठवडाभर या घरात एकच चालू आहे. सिद्धू म्हणतो, गुडघा परत गेला तर पोर जन्माची अधू होईल, मग कोण करणार तिला. रोहिणी म्हणते, एवढी वर्षं खेळली, आता बास. दुसऱ्या दिवशी म्हणते, एवढी वर्षं खेळली, असं अर्धवट सोडायचं? त्यांच्यात भांडण नाही, रोहिणी एकटीच दोन्ही बाजूंनी भांडते. वालचंदनगरचे सर घरी येऊन गेले — पाठवा म्हणाले. दादासाहेबांचा माणूस येऊन गेला — लग्नाला साहेब नक्की येतील म्हणाला. बनाबाईचा फोन रोज. मीसुद्धा बोलते. मी कधी बोलत नाही?

आणि ही? सिद्धू म्हणाला, लग्न कर. म्हणाली, "तुमी म्हणाल तसं." सर म्हणाले, खेळ. म्हणाली, "बघू सर." आईला म्हणाली, "तू सांग." मी बोलले की माझ्या पायाशी बसून नखं कापते.

मैदानात भर गर्दीत बाजूच्या पोरीला चेंडू द्यायचा नाही. आणि घरात स्वतःचा जन्म उचलून जो येईल त्याच्या पायात! त्या फेब्रुवारीपासून असं झालंय. एकदा पास दिला नाही म्हणून सगळं जग बोललं, तर आता सगळेच पास देऊन टाकायला लागलीय. हे मला आवडत नाही. खेळ मला आवडतो म्हणून नव्हे, खेळाला काडी लावा. पण हावरट पोर हावरटच शोभते.

१७ नोव्हेंबर

ऊसतोडीवाले आले. दिवसभर पाचट उडतंय. आज कुणाला शहाणपण शिकवायला वेळ नव्हता. चांगला दिवस.

२३ नोव्हेंबर, रविवार

बनाबाई आली आणि म्हणाली, माणसं भांडतायत कशाला, देवाला विचारा. कौल लावा.

सिद्धूचा जीव भांड्यात पडला. स्वतःला ठरवता येत नसलं की माणसाला देव आठवतो.

आमचा बिरोबा वावराच्या कडेला, कडूलिंबाखाली. काळा उभा दगड. कौलाच्या दिवशी तो धुवून, पुसून, तेल न लावता ठेवायचा. घरातल्या थोरल्या बाईनं पहाटे झेंडूची दोन फुलं पाण्यानं ओली करून त्याला चिकटवायची, एक देवाच्या उजव्या अंगाला, एक डाव्या. मग घरी येऊन सगळ्यांना हाक मारायची. सगळ्यांनी समोर बसायचं. पाणी वाळलं की फूल पडतं. उजवं आधी पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. फूल पडेपर्यंत कुणी खायचं नाही, उठायचं नाही, आणि बोलायचं तर अजिबात नाही. कुणी बोललं की कौल मोडला. मोडला तर फुलांना पुढच्या रविवारपर्यंत हात लावायचा नाही, आणि तो सवाल देवाला परत विचारायचा नाही.

मेंढरं विकायची का, याचा कौल माझ्या सासूनं लावला होता. उजवं पडलं. विकली. त्या दिवशी वारा डावीकडं अडलेला होता, लिंबाच्या बुंध्यानं. उजवीकडं भणाणत होता. मला दिसत होतं. पण बोलायचं नसतं ना!

या वेळचा सवाल — पोरीला खेळायला जाऊ द्यायचं का? पुढच्या रविवारी. ऐकायला कौसल्याबाई आणि पोरगा पण येणार.

प्रतीला विचारलं, चालेल का. म्हणाली, "देवाला इचारताय, मला कशाला इचारताय?"

बोलायला लागली म्हणायची.

२९ नोव्हेंबर

झेंडू तोडून ठेवला. दगड धुतला. लिंबाभोवती झाडलं. बनाबाई आजच राहायला आलीय, उद्या पहाटे माझ्यावर नजर ठेवायला असणार. घोरतेय.

३० नोव्हेंबर, रविवार

आता सांगते.

पहाटे बनाबाई उठायच्या आत मी वावरात गेले. पदरात गुळाचा खडा होता. तो तांब्यातल्या पाण्यात विरघळवला, चांगला चिकट केला आणि डावं फूल त्यानं बसवलं. उजवं साध्या पाण्यानं. म्हणजे उजवं पडणार, डावं पडायचं नावच काढणार नाही. खेळाचं कौतुक म्हणून केलं नाही हे. त्या बाईनं माझ्या नातीला दारापर्यंत चालवलं, त्याची परतफेड. देव माझ्या ओळखीचा आहे. एवढं चालतं आमच्यात.

घरी आले, सगळ्यांना उठवलं. बनाबाई आंघोळ करून सगळ्यांच्या आधी देवाच्या पाया पडून येते म्हणाली, गेली, आली. प्रती कॅनॉलवर पळायला गेली होती, ती घामानं निथळत आली. कौसल्याबाई आणि सौरभ रिक्षानं आले. सगळे लिंबाखाली बसलो.

ऊन वर आलं. फुलं जिथल्या तिथं.

मला भीती मुंग्यांची होती. गुळाला मुंगी लागली की सगळं उघडं पडणार. पण एक मुंगी आली नाही. मनात म्हणलं, देवाची कृपा.

पण उजवं पडेना! पाणी केव्हाच वाळलं असणार. वारा सुटला, लिंबाचा पाला पडला, आणि फूल हलेना. मी उजव्याकडं बघतेय, बनाबाई डाव्याकडं बघतेय. मग मी बनाबाईकडं बघितलं. ही बाई सकाळी पाया पडायला एकटी आली होती! कळलं. मी डावं चिकटवलं, हिनं उजवं. चोराच्या घरी चोर. दोघीही आता बोलू शकत नाही.

कौसल्याबाईंना मांडी घालून बसवेना. एकदा हा पाय लांब, एकदा तो. म्हणावंसं वाटलं, जरा उठून चालून दाखवा. सौरभच्या खिशात फोन थरथरत होता, तो त्यावर हात दाबून बसला होता. बनाबाईला डुलकी लागली. रोहिणीचा उपास आधीच होता. सिद्धू दगडाकडं असा बघत होता की दगडाला लाज वाटावी.

सूर्य डोक्यावर आला. फुलं सुकून माना टाकायला लागली, पण पडेनात.

तेव्हा प्रती उठून उभी राहिली.

म्हणाली, "देव बोलंना. मग मी बोलते."

बनाबाई दचकून जागी झाली. "कौल मोडला गं!"

"मोडू दे, बनाआजी." तिचा आवाज चढला नव्हता. "मला जायचंय. गुडघा टिकला तर खेळीन. न्हाय टिकला तर माघारी येईन, आन मग काय करायचं ते बी मीच सांगीन." बापाकडं बघितलं. "आबा, त्या दिशी पास दिला न्हाय, कारण गोल मला दिसत हुता. आज बी दिसतोय." मग सौरभकडं वळली. "तुमी वाईट न्हाय. पण मला कुणी इचारलंच न्हवतं."

सौरभ म्हणाला, "व्हय. मला बी." आणि पहिल्यांदा मान वर केली. त्याच्या आईनं त्याच्याकडं असं बघितलं की मला त्या पोराची कीव आली.

गेले सगळे. बनाबाई तिखट भाकरी खाऊनच गेली, रागावली तरी उपाशी जाणारी नव्हे. जाताना म्हणाली, हा कौल कुणीतरी बिघडवला. मी म्हणलं, "व्हय वन्सं, मला बी तसंच वाटतंय."

सिद्धू दुपारभर पाण्याच्या मोटरीवर जाऊन बसला. कुणी हाक मारली नाही. दिवेलागणीला आला, हातपाय धुतले आणि मला विचारलं, "आये, तिची ब्याग मोठी हाय. इष्टीत बसल का, का बारामतीपातूर जीप करू?"

प्रतीला मी एवढंच म्हणलं — एवढंच बोलायचं होतं तर सकाळी बोलायचं होतंस. उपाशी मारलंस सगळ्यांना.

४ डिसेंबर

गेली. जीप केली शेवटी. रोहिणीनं केरळात भाकरी मिळत नाही म्हणून एवढ्या भाकरी बांधून दिल्या की टीमच्या सगळ्या जणी जेवतील. मी सांगितलं, त्या तरी वाटून खा.

रडले नाही. पाचटाचा धूर होता.

७ डिसेंबर, रविवार

आज फुलं काढायचा दिवस. उद्या तिचा गुडघा बघणार. मी तांब्या घेऊन एकटीच गेले.

उजवं फूल ओढलं. निघेना. नख घातलं, तर खाली घडी करून लावलेली ती काळी पट्टी — प्रतीच्या गुडघ्याची! दगड काळा, पट्टी काळी, कुणाला दिसणार? म्हणजे बनाबाई नव्हे. बिचारीला आठवडाभर मनात शिव्या दिल्या.

मग डावं ओढलं. त्याच्याखालीसुद्धा पट्टी. दोन्हीकडं! आणि माझा गूळ ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसून काढलेला. मुंग्या लागून म्हातारी पकडली जाऊ नये म्हणून.

देवाला पास नाही. आजीलाही नाही. हावरट मेली!